पिवळ्या रेषांची साक्ष

"माझा ताजू काच फोडणारा न्हाई, साहेब. त्यो काचंला हात लावतो तो बी तान्ह्या पोराला लावावा तसा."

जैनबबी शेख पौडहून पहिल्या एस.टी.नं पुण्याला आली होती. खासगी तपास करणाऱ्या जयसिंग ढमाल्यांच्या नारायण पेठेतल्या खोलीत खुर्ची रिकामी होती, तरी ती उंबऱ्याशीच उभी राहिली.

"आत या, बसा," ढमाले म्हणाले. "ताजू म्हणजे कोण?"

"माझा ल्योक. ताजुद्दीन. भऱ्याच्या माळावर डॉक्टर मोहोळांची ज्वाळेची प्रयोगशाळा हाय ना, तितं त्यो मिस्त्री हाय. मंगळवारी तितली एक काच फुटली. डॉक्टर म्हनत्यात ह्यानंच फोडली. उद्या धा वाजता दिल्लीची मान्सं येनार, आन् त्यांच्यासमूर ह्याला पौडच्या फौजदाराच्या हवाली करनार."

खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसलेले वाल्मीक मारणे चष्म्यावरून पाहू लागले. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून मारणे मास्तर ढमाल्यांबरोबर असत. आपला या माणसाला काही उपयोग आहे का, ही शंका त्यांना रोज एकदा तरी येई.

"एका काचेसाठी पोलीस?" मास्तरांनी विचारलं.

"मला काय ठावं? म्हनं त्या काचंवर वाऱ्याचा वेग लिवला व्हता."

ढमाले उठले आणि त्यांनी कोट चढवला. "मास्तर, छत्री राहू द्या. डिसेंबर आहे."

---

भऱ्याच्या फाट्यावर उतरून तिघं माळ चढून गेले. वर दगडी बांधणीच्या दोन खोल्या, एक बैठं कार्यालय आणि जरा दूर पत्र्याची लांबट शेड होती. शेडची पूर्वेची आणि पश्चिमेची बाजू उघडी होती.

डॉक्टर हैबतराव मोहोळ पन्नाशीचे होते. तीन रात्री झोप नसल्यासारखे डोळे. जैनबबीला बाहेर पाहून ते ओशाळले.

"ढमाले, या माऊलीसाठी मला वाईट वाटतं. पण माझं आठ वर्षांचं काम त्या फुटलेल्या काचेच्या प्लेटवर होतं."

"आधी काम काय ते सांगा. माझ्या मित्राला समजेल अशा भाषेत."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. डॉक्टर मात्र पहिल्यांदाच थोडे खुलले.

"शेडमध्ये आमची भट्टी आहे. तिच्या नळीतून पेटलेला वायू सुसाट बाहेर पडतो. त्याचा वेग मोजायचा, पण मोजायचा कसा? त्यात काहीही घातलं तरी वितळून जातं. म्हणून आम्ही आत काही घालतच नाही. फक्त चिमूटभर मीठ मिसळतो."

"मीठ?"

"जेवणातलं. ज्वाळेत मीठ पडलं की पिवळा उजेड निघतो. तो आमच्या यंत्रानं फोडला की फोटोच्या काचेच्या प्लेटवर दोन बारीक काळ्या रेषा उमटतात, शेजारी शेजारी. एक ठळक, एक फिकट. ठळक रेष नेहमी निळ्या अंगाला, फिकट तांबड्या अंगाला. हे निसर्गाचंच आहे, कुणाला बदलता येत नाही."

"आणि वेग?"

"एस.टी. हॉर्न वाजवत आपल्याकडे येते तेव्हा आवाज चढा लागतो. पुढे निघून गेली की उतरतो. हो ना? उजेडाचंही तसंच. उजळता वायू आपल्याकडे येत असेल तर त्याच्या रेषा निळ्या अंगाला सरकतात, दूर पळत असेल तर तांबड्या अंगाला. त्याच प्लेटवर खाली-वर एका स्थिर दिव्याच्या रेषा घेतलेल्या असतात. त्यांच्यापासून ज्वाळेच्या रेषा किती सरकल्या, ते सूक्ष्मदर्शकानं मोजायचं. केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर असतं. पण त्यावरून वेग निघतो."

मास्तरांनी खिशातल्या वहीत एस.टी.चं चित्र काढलं आणि पुढे बाण काढला. बाण बरोबर की चूक, याचा त्यांना भरवसा वाटेना. त्यांनी वही मिटली.

"सोमवारी मी आणि ताजुद्दीननं घेतलेली प्लेट सेकंदाला दोन हजार मीटर दाखवत होती," डॉक्टर म्हणाले. "आपल्या देशात असं मोजमाप कुणी केलेलं नाही. उद्या समितीला ती प्लेट दाखवली नाही, तर प्रयोगशाळा बंद होईल. मंगळवारी मी पुण्याला गेलो आणि संध्याकाळी परतलो, तो डार्करूममध्ये प्लेटचे तुकडे!"

"पुन्हा प्रयोग करा."

"ऑक्सिजन संपला. मंगळवारी दुपारी माझे सहायक नगरकर यांनी पडताळणीसाठी भट्टी चालवली, त्यात शेवटचा सिलिंडर गेला. त्यांच्या प्लेटवर वेग आला चौदाशे. त्यांचा निबंध परदेशी मासिकात नुकताच छापून आलाय, त्यातही नुसत्या गणितानं काढलेला आकडा चौदाशेच आहे. म्हणजे माझीच काही चूक झाली असेल का, असंही आता वाटू लागलंय."

"ताजुद्दीनवर संशय का?"

"डार्करूमच्या किल्ल्या दोन. एक त्याच्या कमरेला, दुसरी माझ्या टेबलाच्या खणात. शिवाय सोमवारी एक कोरी प्लेट त्याच्याकडून खराब झाली म्हणून मी त्याला चारचौघांत बोललो होतो."

"खणाला कुलूप?"

"नाही."

"मंगळवारनंतर तुम्ही शेडमध्ये गेलात?"

"पाय टाकला नाही. आल्या आल्या सगळ्याला कुलपं ठोकली."

---

ताजुद्दीन कार्यालयाच्या मागे पायरीवर बसला होता. पंचविशीचा, काटक. आईनं आणलेली भाकरी त्यानं फडक्यातून सोडलीसुद्धा नव्हती.

"अडीच वाजता मी डार्करूममध्ये व्हतो," तो म्हणाला. "काच कपाटात नीट व्हती, मी डोळ्यांनी बघितली. कुलूप लावलं आन् वढ्यावर अंघोळीला गेलो. चारला आलो, तर तुकडं."

"ओढ्यावर कुणी पाहिलं तुला?"

"दोन म्हशींनी."

मास्तरांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात दडवलं.

"तुकड्यांचं काय केलंस?"

"गोळा केलं. कापसात घालून डब्यात ठिवल्यात. टाकवंना." ताजुद्दीननं मान वळवली. "त्या काचंवर माजाबी घाम व्हता, साहेब."

"नगरकर भट्टी नेहमी एकटेच चालवतात?"

"न्हाई. मंगळवारी चालवली, आन् त्याच्या आदल्या गुरवारी. गुरवारी म्हनले, प्लेट वाया गेली, फेकून दिली."

---

दिगंबर नगरकर आपल्या टेबलाशी ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, दोन फाउंटन पेनं. आठ महिन्यांपूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडी, ते प्रयोगशाळेत रुजू झाले होते.

"मी दोनच्या एस.टी.नं आलो. तीन वाजत येईपर्यंत कुशाबा पहारेकऱ्याबरोबर चहा घेत होतो. तीन ते साडेतीन भट्टीवर. त्यानंतर पुन्हा कुशाबा माझ्याबरोबर. विचारा त्याला."

"भट्टी चालू असताना जागा सोडता येते?"

"अशक्य. झडपेच्या मुठीवरून हात काढला की स्प्रिंगनं ती बंद होते. आणि दुसऱ्या हातानं दर दोन मिनिटांनी प्लेट सरकवावी लागते. बारा वेळा. ही माझी प्लेट, बारा पट्ट्या. मोजून घ्या."

ढमाल्यांनी प्लेट खिडकीशी धरली आणि भिंग लावलं. मग ते मास्तरांच्या हाती दिलं. "काय दिसतं, सांगा."

मास्तर चाचरले. "दिव्याच्या दोन काळ्या रेषा. एक ठळक, एक बारीक. मधल्या पट्टीतल्या रेषा किंचित बाजूला आहेत."

"कुठल्या बाजूला?"

"फिकट रेषेकडून ठळक रेषेकडे. पण मला नीट—"

"नीटच दिसतंय. झडप कुठे आहे, नगरकर?"

"शेडच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, दगडी भिंतीच्या आड. तिथेच भिंतीला भोक आहे, त्यातून उजेड यंत्रात जातो. भट्टी पेटल्यावर भिंतीपलीकडे डोकं काढायला सक्त मनाई आहे."

"मनाई तुम्ही पाळलीत?"

"मला डोळे हवे आहेत," नगरकर हसून म्हणाले.

---

शेडचं कुलूप कुशाबानं उघडलं. मिशा पांढऱ्या, आवाज खणखणीत.

"मंगळवारी भट्टी गरजली ती साऱ्या भऱ्यानं ऐकली," तो म्हणाला. "तितक्या टायमाला मी खाली वाटंवर, गुरंढोरं अडवाया. तसा नियमच हाय. गर्जना थांबली तसा पानी घिऊन हितं आलो. नगरकर सायेब भिंतीआड हुबं, काखंत पलेट. लई घाम आला व्हता त्यास्नी."

ढमाले झडपेपाशी वाकले. पितळी मूठ वापरून काळवंडली होती, पण तिच्याभोवती तारेच्या जाडीचा एक ओरखडा लख्ख चमकत होता. त्यांनी त्यावरून नख फिरवलं आणि भिंतीच्या भोकातून आत पाहिलं. मग ते शेडमध्ये शिरले.

भट्टी एका जाड खुंटावर बसवलेल्या लोखंडी गाड्यावर होती. नळीचं तोंड पश्चिमेकडे होतं. त्या अंगाला तीसेक पावलांवर निवडुंगाचं कुंपण होतं. पूर्वेला, भिंतीच्या कोपऱ्यापलीकडे, नुकतीच सारवलेली खळी आणि भाताच्या पेंढ्याचे उंच ढीग.

"एवढा पेंढा!" मास्तर म्हणाले. "ठिणगी उडाली तर?"

"आमी काय येडं हाय व्हय?" कुशाबा म्हणाला. "दर साली खळी पडली की आमी आमचं बगतो."

"यंदा खळी कधी पडली?" ढमाल्यांनी विचारलं.

"मंगळवारी सकाळच्या पारी."

एवढ्यात कुंपणापलीकडून एक बाई हातात जळकी गोधडी नाचवत आली. चंद्राबाई. तिचं घर कुंपणाला लागून होतं.

"ह्ये सायबाचं पावनं का? मंग बगा! मंगळवारी वाळत घातली व्हती कुपनावर. तुमची ती भट्टी भुंकाया लागली आन् माज्या गोधडीला हे एवढं भगदाड! सासूच्या हातची गोधडी, मेल्यांनो!"

"चंद्रे, भरून दिऊ म्हनलं ना," कुशाबा पुटपुटला.

"तुज्या धोतराचं ठिगळ लावू का काय तिला?"

मास्तर तिची समजूत घालू लागले. ढमाले मात्र गोधडीचं भोक असं न्याहाळत होते, जणू कुणी त्यांना चांदीचं ताट दाखवलंय.

"चंद्राबाई," ते म्हणाले, "ही गोधडी तासाभरासाठी मला द्या. तिच्यावाचून एक निरपराध माणूस तुरुंगात जाईल."

"आँ? गोधडीवाचून?"

"अगदी."

---

चार वाजता सगळे डॉक्टरांच्या खोलीत जमले. ताजुद्दीन दाराशी, जैनबबी त्याच्या मागे. चंद्राबाईला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती गोधडीबरोबर आली होती.

"नगरकर," ढमाले म्हणाले, "ही बारा पट्ट्यांची प्लेट मंगळवारी तीन ते साडेतीनमध्ये घेतली. बरोबर?"

"शंभर वेळा सांगितलं."

"त्या वेळी नळीचं तोंड कुठल्या दिशेला होतं?"

नगरकरांनी कपाळाला आठी घातली. "हा काय प्रश्न? नेहमीसारखं पूर्वेला. भिंतीच्या भोकाच्या रोखानं."

कुशाबानं तोंड उघडलं. ढमाल्यांनी बोट वर करून त्याला थांबवलं.

"डॉक्टर, तोंड पूर्वेला असलं तर वायू भोकाकडे येतो. रेषा कुठे सरकतील?"

"निळ्या अंगाला. ठळक रेषेच्या बाजूला."

"या प्लेटवर तशाच सरकल्यात. मास्तरांनी सकाळी पाहिलं. आता कुशाबा, बोला. मंगळवारी सकाळी तुम्ही आणि ताजुद्दीननं काय केलंत?"

"भट्टी फिरवली की! दर साली खळी पडली की फिरवतो. पूर्वंला पेंढा असतुया, मंग तोंड पश्चिमंला. मळणी उरकली की पुन्ना पूर्वंला."

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "अरे! डिसेंबर! माझ्या ध्यानातच आलं नाही."

"तुमच्या ध्यानात राहिलं नाही आणि नगरकरांना ठाऊकच नव्हतं. ते उन्हाळ्यात आले. खळ्याचा हंगाम त्यांनी इथे पाहिलेलाच नाही, आणि झडपेपाशी भिंतीआडून नळीचं तोंड दिसत नाही. ताजुद्दीननंही सांगितलं नाही, कारण दारापुढचं अंगण झाडलं हे कुणी कळवत नाही."

"नंतर फिरवली असेल!" नगरकर म्हणाले. आवाज चढला होता. "मला अडकवायला!"

"तीच शंका मलाही होती." ढमाल्यांनी गोधडी टेबलावर पसरली. "ही पश्चिमेच्या कुंपणावर होती. मंगळवारी भट्टी गरजत असताना जळाली. त्या दिवशी भट्टी एकदाच चालली, आणि ती तुम्ही चालवलीत. म्हणजे तेव्हा ज्वाळा पश्चिमेला जात होती, भोकापासून दूर. त्या अर्ध्या तासातली प्लेट असती, तर रेषा तांबड्या अंगाला सरकल्या असत्या. या उलट सरकल्यात. ही प्लेट मंगळवारची नाही."



"प्लेट उलटी धरलीय तुम्ही," नगरकर म्हणाले.

"कशीही धरा. ठळक रेष निळ्या अंगालाच असते, हे डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच तासात शिकवलं. निसर्गाचं आहे, म्हणाले. कुणाला बदलता येत नाही."

नगरकर खाली बसले.

"ही प्लेट आदल्या गुरुवारची, 'वाया गेलेली'," ढमाले पुढे म्हणाले. "झडप कमी उघडून घेतलेली, म्हणून वेग चौदाशे. तुमच्या निबंधाला जुळणारा. वेळ आली तर दाखवायला ही प्लेट तुम्ही लपवून ठेवली होती. सोमवारी डॉक्टरांची प्लेट दोन हजार दाखवू लागली, तेव्हा छापून आलेला निबंध खोटा ठरणार हे तुम्हाला दिसलं. मंगळवारी डॉक्टर पुण्याला गेले. तुम्ही भट्टी पेटवली, झडपेची मूठ तारेनं बांधली. ओरखडा अजून चमकतोय. खणातली किल्ली घेतलीत आणि गर्जनेच्या आवाजात काच फोडलीत, कुणाला ऐकू जाणार नव्हतं. कुशाबा नियमानं वाटेवर असणार, हेही ठाऊक होतं. एका डावात तीन गोष्टी साधल्या: प्लेट गेली, ऑक्सिजन संपला आणि तुम्ही भट्टीवर होता याला सारं गाव साक्षी."

नगरकरांनी बराच वेळ पेनाचं टोपण फिरवलं. "निबंध मागे घेतला असता, तर मला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं," ते अखेर म्हणाले.

"आन् माज्या पोराला फौजदारानं उभं केलं असतं ते?" जैनबबीनं विचारलं.

नगरकरांना तिच्याकडे पाहवलं नाही.

डॉक्टर ताजुद्दीनपुढे गेले आणि त्यांनी हात जोडले. त्यानं घाईनं ते हात धरून खाली केले. "असं नगा करू, डॉक्टर."

"तुझ्यावरचा आळ गेला, ताजुद्दीन. पण प्रयोगशाळा गेली. उद्या समितीला काय दाखवू? तुकडे?"

मास्तरांनी दोनदा घसा साफ केला. विचारावं की नाही? बहुधा वेडगळ प्रश्न असेल.

"डॉक्टरसाहेब, एक अडाणी शंका. रेषा सरकते ती केसापेक्षा कमी, असं तुम्ही म्हणालात. मग दिव्याची रेष आणि ज्वाळेची रेष एकाच तुकड्यावर असतील ना? काच फुटली म्हणून त्यांच्यातलं अंतर कसं बदलेल?"

डॉक्टर त्यांच्याकडे पाहतच राहिले.

"मोजायच्या यंत्राची चौकट अख्ख्या प्लेटची आहे," ते सावकाश म्हणाले. "तुकडा तिच्यात बसत नाही. म्हणून आम्ही कुणी विचारच... ताजुद्दीन!"

"कोऱ्या काचंवर मेणानं बशिवतो," ताजुद्दीन दारातूनच म्हणाला. तो निघालासुद्धा होता. "तासाभरात हुतंय!"

ढमाल्यांनी मास्तरांच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांचा चष्मा घसरला. "मी गुन्हेगार शोधला, मास्तर. वायूचा वेग तुम्ही शोधलात."

"छे, छे," मास्तर म्हणाले. पण या वेळी त्यांना स्वतःचं म्हणणं फारसं पटलं नाही.

---

शुक्रवारी दहा वाजता दिल्लीची समिती आली. पाच जण, काळे कोट. नगरकरांचा लेखी कबुलीजबाब डॉक्टरांनी सगळ्यांत आधी अध्यक्षांपुढे ठेवला. तो वाचून अध्यक्षांचा चेहरा कडक झाला.

"फुटलेल्या काचेवर आम्ही विश्वास ठेवावा, असं तुमचं म्हणणं आहे?"

"माझ्यावर ठेवू नका. स्वतः मोजा. ज्यानं तुकडे बसवलेत, तो तुम्हाला यंत्र दाखवील."

मोजण्याच्या खोलीचं दार लावलं गेलं. बाहेर ओट्यावर जैनबबी, कुशाबा, मास्तर आणि ढमाले बसून राहिले. खालच्या खळ्यांवर झोडणी चालू होती.

आतून आधी नुसती कुजबुज आली. मग एक आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला. पहिला तुकडा, दोन हजार दहा. दुसरा, एक हजार नऊशे नव्वद. तिसरा, दोन हजार पाच. तिसऱ्यानंतर कुणीतरी खुर्ची ओढली आणि "थांबा, मी बघतो," असं अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनीच मोठ्यानं आकडा वाचला. "दोन हजार." लगेच दुसरा काळा कोट म्हणाला, "आता मला बघू द्या."

पुढच्या तुकड्यांना आतले लोक आकड्याआधीच हसू लागले होते. नवव्याला टाळी पडली.

"काय चाललंय आत?" जैनबबीनं विचारलं. "भांडत्यात का?"

"नाही हो," मास्तर म्हणाले. "तुमच्या मुलानं पकडलेला वेग सगळ्यांना आपल्या डोळ्यांनी बघायचाय. रांग लागलीय."

"आन् ह्ये आकडं वराडतंय ते कोन?"

"तुमचा ताजू."

जैनबबीनं पदर कानामागे सारला. दोन हजार म्हणजे किती, ते तिला ठाऊक नव्हतं. पण दिल्लीचे साहेब गप्प राहून ऐकत होते आणि बोलत होता तो तिचा मुलगा. तिनं कुशाबाला कोपरानं ढोसलं.

"जरा गप बसा की! माजा पोरगा सांगतुया."

आणि कुशाबा, जो तोंडातून शब्दही काढत नव्हता, आणखी गप्प बसला.